नर्सिंग कॉलेजातली बोलणारी बाहुली: वॉर्डाच्या आधी की वॉर्डाऐवजी?

ऋतुगंधा
नमस्कार मंडळी. मी एका जिल्ह्याच्या गावी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. ॲडल्ट हेल्थ शिकवते, म्हणजे जुने लोक ज्याला मेडिकल-सर्जिकल म्हणतात ते. मध्यंतरी आमच्या संस्थेने काही लाख घालून एक मॅनिकिन, म्हणजे पेशंटच्या जागी सरावाला वापरायची बाहुली, आणलं. त्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळे मिटतात-उघडतात. शेजारच्या खोलीत बसून माइकवर बोललं की आवाज त्याच्या तोंडून येतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळ्यांनी कौतुकाने बघितलं, मग त्यावर जी चादर पडली ती पडलीच.

आता प्राचार्यांच्या मनात आलंय की दुसऱ्या वर्षाच्या मुलींची एक आठवड्याची वॉर्ड पोस्टिंग कमी करून ते तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बाहुलीवर रचलेल्या प्रसंगांच्या सरावात, घ्यावेत. २०२१च्या सेमिस्टर अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशन आहेच, त्यामुळे कागदावर अडचण नाही. त्यांची बाजूही अगदीच चुकीची नाही. आम्हाला जे हॉस्पिटल आहे तिथे आणखी दोन कॉलेजांच्या मुली येतात. एका आजोबांचं बीपी घ्यायला पाच जणी रांगेत. शेवटी आजोबाच म्हणतात, "बायांनो, आता हाताला रग लागली."

पण मी एकदा सिम्युलेशन घेऊन पाहिलं तर मुली बाहुलीसमोर खी-खी हसत होत्या. वॉर्डाचे तास कमी करून हे करावं का? कोणी मनापासून केलंय का? अनुभव सांगा.

खडूस_काका
बाहुली "ओ सिस्टर, सलाईन संपलंऽऽ" म्हणून ओरडत नाही. मुलींना तेवढाच आराम.

इन्चार्ज_सिस्टर
ऋतुगंधा, मी सरकारी इस्पितळातून इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. वॉर्डाचा एक तासही कमी करू नये.

बाहुलीची शीर रोज एकाच जागी असते. जुलाबाने सुकलेल्या पोराची शीर शोधायची तर बोटांना डोळे फुटावे लागतात, आणि ते पोराच्या हातावरच फुटतात. मधुमेह बिघडलेल्या माणसाच्या श्वासाचा वास, रात्री तीन वाजता एखाद्या खाटेवरची शांतता जरा जास्तच वाटणं, बेडपॅन मागताना म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचा संकोच, हे लाखांच्या मशीनमध्ये कुठे भरणार? बाहुलीला लाज वाटत नाही, ही तिची पहिली उणीव.

आम्ही संत्र्यावर इंजेक्शन टोचून शिकलो आणि दुसऱ्या दिवशी माणसांवर. आमच्या हातून कोणी दगावलं नाही.

खडूस_काका
संत्र्यांचं मत कोणी विचारलं का? (गंमत केली, दिवे घ्या ताई.)

गुळपोळी
मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. सिस्टरबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. तुम्ही म्हणता तो वॉर्ड आम्हाला मिळतच नाही हो. सकाळी जायचं, बेड मेकिंग, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता), मग सॅम्पल लॅबला पोचवा, एक्स-रे घेऊन या. स्टाफ सिस्टरकडे इतके पेशंट की त्या तरी कधी शिकवणार? मला पहिलं आयएम, म्हणजे स्नायूत द्यायचं, इंजेक्शन देताना मिळालेलं मार्गदर्शन म्हणजे "टोच लवकर, राऊंड यायलाय."

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वॉर्डात कोणी कोलमडलं की विद्यार्थिनींना काय सांगतात? "पडदे ओढा, नातेवाईकांना बाहेर काढा, आणि तुम्हीपण बाहेर थांबा." बरोबरच आहे, तिथे जीव वाचवायचा असतो, शिकवणी घ्यायची नसते. पण पास झाल्यावर पहिल्याच नाइटला तेच माझ्यासमोर घडलं, तर मी आत्तापर्यंत पडद्याची बाहेरची बाजूच पाहिलेली असणार.

ब्रदर_कोल्हापूर
गुळपोळी, +१. पडद्याची बाहेरची बाजू, काय बोललीस!

इन्चार्ज_सिस्टर
गुळपोळी बाळा, हे मात्र खरं आहे. आम्हीच बाहेर काढायचो.

इतिहासखोर
थोडं अवांतर, पण "हे नवं खूळ" असं कोणी म्हणायच्या आत लिहितो.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण होती. पंधराव्या लुईने १७५९ मध्ये तिला गावोगावी जाऊन सुईणींना शिकवायची परवानगी दिली. ती कापडाचं, आत भरण घातलेलं कंबरेचं आणि गर्भाशयाचं प्रारूप घेऊन हिंडायची, त्यात कापडी बाळ. आडवं आलेलं बाळ कसं फिरवायचं ते बायका आधी त्या कापडावर करायच्या.

खास नर्सिंगसाठीची बाहुली १९११ ची. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेने मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंच्या कारखान्याकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. सगळे तिला मिसेस चेस म्हणू लागले. उचलणं, कूस बदलणं, कपडे घालणं, सगळं तिच्यावर. पुढे तिच्या हाताला इंजेक्शनची सोयही आली.

आणि सीपीआरच्या (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवायच्या) सरावाची ती प्रसिद्ध बाहुली ॲन, १९६० ची. नॉर्वेच्या स्टाव्हँगर गावातल्या आस्मुंड लेअर्डल या खेळणी बनवणाऱ्याने केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतलाय. तेव्हा धागाकर्तीच्या लॅबमधली बाहुली खेळण्यांच्याच घराण्यातली आहे. मुली हसल्या तर नवल नाही.

विमानवेडी
वैमानिकांना सिम्युलेटरवर इंजिन बंद पडल्याचा सराव केल्याशिवाय प्रवासी नेऊ देत नाहीत. मग आजारी माणसाच्या बाबतीतच "थेट माणसावर शिका" हे आपण इतकी वर्षं कसं चालवून घेतलं, याचं मला आश्चर्य वाटतं.

इन्चार्ज_सिस्टर
विमानवेडी ताई, एका बनावटीची सगळी विमानं सारखी असतात. माझ्या वॉर्डातली दोन माणसं कधी सारखी नव्हती. विमानाला कारखान्याचं पुस्तक असतं, आजीबाईंना नसतं. आणि विमानाचा जावई दारात उभा राहून "मोठ्या डॉक्टरांना बोलवा" म्हणत नाही.

विमानवेडी
जावयापुढे हार मानली. पण मुद्दा सोडत नाही. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये दोघं वैमानिक एकमेकांशी कसं बोलतात, धाकट्याने थोरल्याला "सर, हे चुकतंय" कसं सांगायचं, हेही तपासतात. नर्सने डॉक्टरला हे सांगायचं कुठे शिकवतात?

गुळपोळी
कुठेच नाही. 😐

आकडेमोड
धागाकर्तीचा नेमका प्रश्न तासांबद्दल आहे, म्हणून थोडी आकडेवारी. अमेरिकेत राज्यांच्या नर्सिंग मंडळांची जी राष्ट्रीय परिषद आहे, तिने एक मोठा अभ्यास केला, २०१४ मध्ये छापून आला. दहा कॉलेजं. विद्यार्थ्यांचे तीन गट: एकाला वॉर्डाच्या तासांपैकी जास्तीत जास्त १० टक्के सिम्युलेशन, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला ५० टक्के. पूर्ण शिक्षणभर पाहिलं, नंतर नोकरीचे पहिले सहा महिनेही पाहिलं. ज्ञान, कामातली तयारी, लायसन्स परीक्षेचा निकाल, कशातच लक्षणीय फरक सापडला नाही.

म्हणजे निम्म्या तासांपर्यंत वॉर्डाची जागा सिम्युलेशन घेऊ शकतं.

तळहात
आकडेमोड, थांबा! हा आकडा असा मोकळा सोडू नका, संस्थाचालक झेलायला टपलेलेच असतात. त्या अभ्यासातले शिक्षक सिम्युलेशनसाठी खास प्रशिक्षित होते, प्रत्येक प्रसंगानंतरची चर्चा ठरलेल्या पद्धतीने होत होती, साधनं पुरेशी होती. अट पूर्ण केली तर ५० टक्के, असा तो निष्कर्ष आहे. अट गाळून आकडा उचलला तर मुलींचं नुकसान आणि संस्थेची बचत.

मी पुण्यात एका कॉलेजात सिम्युलेशन लॅब बघते. ऋतुगंधा, तुझ्या मुली का हसल्या ते सांगते. त्यांना आत सोडण्याआधी बाहुलीची ओळख करून दिली होती का? नाडी कुठे लागते, कुठे लागत नाही, फुप्फुसाचे आवाज कुठून येतात, घाम येणार नाही तर तो आम्ही तोंडाने सांगू, ऑक्सिजन खरा आहे की नळी नुसतीच लावायची, हे सगळं आधी हात लावून बघू द्यायचं. मग सांगायचं, "इथे चुकायला परवानगी आहे, इथलं बाहेर जाणार नाही, मार्क नाहीत." एवढं केलं की हसू पहिल्या दोन मिनिटांत विरतं. बरंचसं हसू भीतीचं असतं.

दुसरं, प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा आणि त्यानंतरची चर्चा त्याच्या दुप्पट. आपल्याकडे उलटं होतं. प्रसंग लांबतो आणि मग मॅडम पाच मिनिटांत चुकांची यादी वाचतात. ही तर वॉर्डातली बोलणीच झाली, फक्त एसीत बसून. "ऑक्सिजन का नाही लावलास?" विचारलं की मुलगी "सॉरी मॅडम" म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी "सॅच्युरेशन ८६ दिसलं (म्हणजे रक्तातला ऑक्सिजन उतरलेला) तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?" असं विचार. आमच्याकडे एका मुलीने सांगितलं, "मला वाटलं बोटाला लावलेला प्रोब सैल असेल, मॉनिटर नेहमीच असा वाजतो." आता हा विचार वॉर्डातून शिकलेला आहे! सदोदित वाजणाऱ्या मॉनिटरकडे दुर्लक्ष करायची सवय. तो तिच्या तोंडून बाहेर आला म्हणून त्यावर बोलता आलं. बाहुली या बोलण्याचं निमित्त आहे, खरं शिक्षण त्या गोल मांडलेल्या खुर्च्यांवर होतं.

शिक्षकांना हे आपोआप येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने गुरुग्रामला राष्ट्रीय सिम्युलेशन केंद्र केलंय, तिथे शिक्षकांची प्रशिक्षणं होतात. संस्थेला सांग, पुढची बाहुली नको, दोन ट्यूटर पाठवा.

ऋतुगंधा
तळहात ताई, ओळख करून दिली नव्हती. डेमो दाखवणाऱ्या कंपनीच्या माणसाने मलाच जेमतेम तासभर दाखवलं होतं. तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावते.

लीड्सकर
मी साताऱ्याकडचा, सध्या इंग्लंडमध्ये स्टाफ नर्स. इथे नर्सिंगच्या विद्यार्थ्याला २३०० तास प्रत्यक्ष कामाचं शिक्षण लागतं. २०२३ पासून त्यातले ६०० तासांपर्यंत सिम्युलेशनमध्ये घ्यायला नर्सिंग कौन्सिलने मुभा दिली. म्हणजे पाव हिश्श्याच्या जरा वर. बाकी वॉर्डच.

बाहेरून येणाऱ्या आपल्यासारख्यांना ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, दहा स्टेशनांची. एकात बाहुली, एकात पेशंटचं काम करणारा माणूस. माझ्याबरोबर केरळच्या आणि आपल्याकडच्या अनुभवी सिस्टर होत्या, आयसीयूमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या. हात सफाईदार. अडल्या कुठे? खोलीत शिरल्यावर स्वतःचं नाव सांगणं, पेशंटचं नाव-जन्मतारीख विचारणं, "तुम्हाला तपासू का?" म्हणून परवानगी घेणं. आपल्याकडे हे कोणी करू नका म्हणत नाही, पण चाळीस खाटांच्या वॉर्डात ते वाहून जातं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात बाहुलीला लाज नाही. कबूल. पण पडदा ओढायची सवय मला बाहुलीनेच लावली, कारण तिच्यासमोर तो ओढला नाही तर परीक्षक लिहून ठेवायचे.

इन्चार्ज_सिस्टर
पडदे असतील तर ओढतील ना बाबा. आमच्याकडे सहा खाटांना एक स्क्रीन, तोही चाक तुटलेला.

डॉ_भटक्या
ग्रामीण रुग्णालयात असताना बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव आम्ही घ्यायचो. त्यासाठी पोटाला बांधायचा एक संच मिळतो, ममानॅटली म्हणतात. एक सिस्टर तो बांधून बाळंतीण होते, आत लाल पाण्याची पिशवी. ती स्वतःच झडप उघडून रक्तस्राव कमी-जास्त करते. समोरच्यांनी गर्भाशय चोळलं, औषध दिल्याचं सांगितलं, की बंद करते. नाही केलं तर वाहू देते. वीज लागत नाही, सॉफ्टवेअर नाही.

पहिल्या सरावानंतर मी विचारलं, किती रक्त गेलं? कोणी अडीचशे मिली म्हणालं, कोणी तीनशे. पिशवीतून त्याच्या कितीतरी जास्त गेलं होतं. डोळ्यांनी अंदाज करताना रक्त नेहमी कमीच भासतं, आणि ५०० मिलीच्या पुढे धोक्याची रेघ. फरशीवरचं, चादरीतलं, पॅडमधलं लाल पाणी मोजून दाखवलं तेव्हा खोलीत सगळे गप्प. हे खऱ्या बाईवर मोजायला शिकायचं का?

तिच्या जोडीला निओनॅटली नावाची बाळाची बाहुली असते. कोमट पाणी भरलं की नवजात बाळाएवढं वजन आणि तसंच लिबलिबीत अंग. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा सराव तिच्यावर छान होतो. मोठ्या बाहुलीच्या किमतीत अशा कितीतरी येतील.

नाटकवेडा
मला बाहुलीची काळजी वाटत नाही, तिच्या संवादांची वाटते. माइकवरून ती काय बोलते? "माझ्या छातीत डाव्या बाजूला दाब जाणवतो आणि तो डाव्या हातात पसरतो." असा पेशंट महाराष्ट्रात कुणी पाहिलाय? आपला माणूस म्हणतो, "कसंतरी होतंय." "गॅस धरलाय." "जीव घाबराघुबरा होतोय." बायका तर म्हणतात, "काही नाही हो, जरा दमल्यासारखं झालंय, हे उगाच घेऊन आले." यातून हार्ट अटॅक ओळखायचा.

मी राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका केलेला माणूस. एका मेडिकल कॉलेजसाठी आम्ही हौशी मंडळी पेशंट बनून जायचो. ही कल्पना अमेरिकेतल्या हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टची, १९६३ ची. आम्हाला गोष्ट पाठ करून दिलेली असते, काय आपणहून सांगायचं आणि काय विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी दारू पिणारा होतो. बायको समोर असताना विचारलं की "नाही", तिला बाहेर पाठवून विचारलं की "रोज एक क्वार्टर". बऱ्याच जणांनी बायकोला बाहेर पाठवलंच नाही!

खडूस_काका
आमच्या घरी विचारलं तर बायकोच आधी उत्तर देते.

ब्रदर_कोल्हापूर
नाटकवेडाशी शंभर टक्के सहमत. आणि प्रसंगांची तयार पुस्तकं परदेशी असतात. एक खोली, एक पेशंट, एक नर्स, भिंतीत ऑक्सिजन. आपला प्रसंग असा लिहा: खाट नंबर बाराचा माणूस बिघडतोय, त्याच वेळी नऊ नंबरचं सलाईन संपलंय, दारात नातेवाईक, फोन वाजतोय, आणि एकच सिलिंडर. कोणाकडे आधी जायचं?

बाकी मेकअपचं सांगतो, आमच्याकडे ते खातं माझ्याकडे होतं. घामाला ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा. पू म्हणून कस्टर्ड. उलटीला भिजलेले पोहे. पण बाहुलीच्या कातडीवर बीट, बेटाडीन, बॉलपेन, वर्तमानपत्राची शाई, यातलं काहीही लागू देऊ नका, डाग जात नाही. आमच्या पहिल्या बाहुलीच्या पाठीवर कुठल्याशा निवडणुकीचा निकाल कायमचा उमटलाय.

तळहात
😂 निकाल कोणाच्या बाजूने?

हसण्यावारी जाऊ नये अशी एक गोष्ट. लॅबमधली औषधं, सलाईन यांच्यावर "फक्त सरावासाठी" ठळक लिहा आणि कुलपात ठेवा. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि चाळीसहून जास्त रुग्णांना लावल्या गेल्या. ते पाणी निर्जंतुक नव्हतं. लोक आजारी पडले, त्यांच्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, इशारा काढावा लागला.

इन्चार्ज_सिस्टर
रिकाम्या कुपीत लाल पाणी भरून ट्रेमध्ये ठेवतात ना, तेही बंद करा मग.

मी सगळे प्रतिसाद नीट वाचले. माझं म्हणणं थोडं सुधारून मांडते. जे वॉर्डात रोज मिळतं, अंग पुसणं, ड्रेसिंग, माणसाशी बोलणं, त्याला बाहुली नको. जे वॉर्डात मिळत नाही किंवा मिळालं तरी मुलींना बाहेर काढतात, ते बाहुलीवर करा. पण वॉर्डाच्या *आधी* करा. वॉर्डाऐवजी म्हणाल तर मी अजूनही भांडेन. गर्दी होते हा तर्कही मला पटत नाही. पाच जणी एकाच आजोबांभोवती का? संध्याकाळची आणि रात्रीची पाळी लावा की. मुलींना संध्याकाळी वॉर्ड रिकामा मिळतो आणि सिस्टरला बोलायला सवडही असते. ट्यूटरनेही बरोबर जायचं, हे ओघानेच आलं. खरी अडचण तिथे आहे, हो ना ऋतुगंधा?

ऋतुगंधा
सिस्टर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. 🙈

मंडळी, प्राचार्यांशी बोलून आले. आकडेमोड यांचा आकडा आणि तळहात ताईंची अट, दोन्ही एकत्रच वाचून दाखवलं. तूर्त ठरलंय ते असं. वॉर्डाची पोस्टिंग आहे तेवढीच राहील. पोस्टिंग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात रोज दुपारी सहा-सहा मुलींचा गट लॅबमध्ये. संध्याकाळच्या पाळीबद्दल हॉस्टेलच्या गाडीचा प्रश्न आहे, त्याला "बघू" मिळालंय.

पहिला प्रसंग लिहिला: पंचावन्न वर्षांचे शेतकरी, "गॅस धरलाय, सोडा द्या" म्हणत आलेत, बरोबर मुलगा, त्याला घरी जायची घाई. ईसीजी काढायचं मुलींना सुचतं का, आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगतात ते बघायचं. विमानवेडी, तुमच्यासाठी एक गोष्ट घातलीय: फोनवरचे डॉक्टर पहिल्यांदा "ॲसिडिटीच असेल" म्हणतील. माइकवर बोलायला मराठी माणूस हवा, नाटकवेडा कुठे असता?

नाटकवेडा
व्हॉइस नोटवर जमेल का? नाहीतर एसटीचं भाडं द्या, येतो. शेतकरी मीच, पण मुलगा म्हणून कोणी तापट मनुष्य घ्या.

गुळपोळी
ऋतुगंधा मॅडम, त्या सहा जणींपैकी आत एका वेळी किती? आमच्याकडे सहाही जणी आत असतात आणि चार जणी भिंतीला टेकून उभ्या राहतात.

तळहात
तीन आत, तीन बाहेर काचेतून बघणार, आणि बाहेरच्यांना काम द्यायचं. एकीने वेळ लिहायची, एकीने कोण काय मोठ्याने बोललं ते, एकीने फक्त नातेवाईकाकडे कोणी बघितलं का ते. मग अदलाबदल. चर्चेत बाहेरच्या मुलींनाच आधी बोलू दे.

खडूस_काका
तापट मुलगा म्हणून मी येऊ शकतो. वय जास्त आहे, पण तापट आहे. जेवायला काय असतं कॉलेजात?